जन्मतारीख की धावफलक?

महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक आजवर दोनच वेळा जिंकला आहे. पहिल्यांदा १९३९-४० मध्ये आणि लगेच पुढच्या मोसमात, १९४०-४१ मध्ये, पुन्हा. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असा तीन वेळा हा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. करंडक ज्या दोन मोसमांत पुण्याला आला, त्या दोन्ही मोसमांत कर्णधार एकच होते. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दिनकर बळवंत देवधर. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२चा. म्हणजे पहिल्या विजेतेपदाच्या वेळी त्यांचं वय ४८ होतं आणि दुसऱ्याच्या वेळी ४९.

आजच्या निवड समितीपुढे ४८ वर्षांच्या फलंदाजाचं नाव आलं तर बैठकीत काय होईल, हे सांगायला नको. चर्चासुद्धा होणार नाही. पस्तिशी ओलांडली की ‘आता किती दिवस?’ हा प्रश्न सुरू होतो आणि अडतिशीनंतर तो प्रश्नही राहत नाही, आरोप होतो. म्हणूनच थोर खेळाडूंनी उतारवयात मोठ्या स्पर्धा खेळाव्यात की नाही, या जगभर चाललेल्या वादात पुण्याला बोलायचा हक्क आहे. या शहराने त्याचं एक उत्तर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी मैदानावर पाहिलेलं आहे.

हा वाद सर्वांत जोरात चालतो तो गोल्फमध्ये. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून रोज हजारो माणसं जातात. त्यातल्या बहुतेकांचा या खेळाशी संबंध चौकाच्या नावापुरताच. त्यामुळे थोडी माहिती आधी द्यायला हवी. व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षाला चार स्पर्धा सर्वांत मानाच्या मानतात. अमेरिकेत ऑगस्टाला होणारी मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमधली द ओपन. या चारांना ‘मेजर’ म्हणतात. प्रत्येक स्पर्धा चार दिवसांची, रोज १८ होल. दोन दिवस झाले की गुणांनुसार जवळपास निम्मे खेळाडू घरी जातात. या चाळणीला ‘कट’ म्हणतात. पुढचे दोन दिवस उरलेल्यांमध्ये लढत होते. ज्याने सर्वांत कमी फटके मारले, तो विजेता.

वादाचं मूळ प्रवेशाच्या नियमात आहे. मास्टर्स एकदा जिंकली की विजेत्याला आयुष्यभर खेळायचं आमंत्रण असतं. पीजीएचंही तसंच. द ओपनमध्ये माजी विजेत्याला साठीपर्यंत थेट प्रवेश मिळत आला; नव्या विजेत्यांसाठी ती मर्यादा आता ५५ वर आणली आहे. यूएस ओपन सर्वांत कडक. जिंकल्यावर दहा वर्षं थेट प्रवेश, त्यानंतर इतरांसारखं पात्रता फेरीतून या. एकाच खेळातल्या चार सर्वोच्च स्पर्धांनी एकाच प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, यावरूनच हा प्रश्न सोपा नाही हे कळतं.

गोल्फमध्ये म्हातारपण उशिरा येतं. चेंडू जमिनीवर स्थिर असतो, तो अंगावर येत नाही. धावायचं नसतं, चालायचं असतं. घाई नसते. चाळिशीनंतर नजर आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, पण त्याचा इथे थेट फटका बसत नाही. उलट वाऱ्याचा अंदाज, हिरवळीचा उतार ओळखणं, कुठे धोका घ्यायचा आणि कुठे नाही हे ठरवणं, या गोष्टी वयाबरोबर पक्क्या होतात. जॅक निकलसने १९८६ मध्ये ४६व्या वर्षी मास्टर्स जिंकली. सॅम स्नीड १९७४ मध्ये ६२ वर्षांचा असताना पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त तिसरा आला. फिल मिकल्सनने २०२१ मध्ये हीच स्पर्धा जिंकली तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेली होती. मेजर जिंकणारा तो आजवरचा सर्वांत वयस्क खेळाडू.

आणि टॉम वॉटसन. २००९च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला जे घडलं, ते पाहिलेला माणूस वयावरून खेळाडूला निकालात काढायला सहज धजावणार नाही. वॉटसन तेव्हा ५९ वर्षांचा होता. साठीला दोन महिने उरले होते. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी त्याच्या खुब्याचा सांधा बदलला होता. द ओपन त्याने त्याआधी पाच वेळा जिंकली होती, पण शेवटची १९८३ मध्ये. चौथ्या दिवशी शेवटच्या होलवर तो आला तेव्हा एका फटक्याने आघाडीवर होता. ठरलेल्या चार फटक्यांत होल पूर्ण केला की सहावं विजेतेपद नक्की. त्याचा दुसरा फटका छान बसला, जरा जास्तच छान बसला. चेंडू हिरवळीवर पडला, थांबला नाही आणि पलीकडच्या उतारावर गेला. तिथून तो परत आणला, पण होलपासून सात-आठ फूट लांब राहिला. हिरवळीवरचा एवढा एक हलका फटका, म्हणजे ‘पट’, विजेतेपदासाठी उरला होता. तो चुकला. मग स्ट्युअर्ट सिंकबरोबर चार होलांची निर्णायक लढत झाली आणि तिथे थकलेले पाय बोलले. सिंक आरामात जिंकला.

त्या पराभवाने द ओपनचा नियम बदलला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. साठीनंतर वॉटसनला थेट प्रवेश मिळणार नव्हता. पण आदल्या आठवड्यापर्यंत ज्याला सगळे आठवणींतला खेळाडू समजत होते, तो जगज्जेता होता होता राहिला होता. आयोजकांनी नवी तरतूद केली. मागच्या काही वर्षांत पहिल्या दहात आलेल्या माजी विजेत्याला वयाची अट ओलांडूनही आणखी पाच वर्षं खेळता येईल. म्हणजे नियमाने जन्मतारखेकडे पाहणं थोडं कमी केलं आणि कामगिरीकडे पाहणं थोडं वाढवलं. या विषयावर इतका शहाणा निर्णय क्वचितच कुठल्या क्रीडा संघटनेने घेतला असेल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डग फोर्ड १९५७चा मास्टर्स विजेता. १९७१ नंतर त्याने ऑगस्टाला एकदाही कट पार केला नाही, तरी २००१ पर्यंत तो खेळायला येत राहिला. तीस वर्षं. २००२ मध्ये क्लबने फोर्ड, बिली कॅस्पर आणि गे ब्रूअर या जुन्या विजेत्यांना आता खेळू नये अशी पत्रं पाठवली आणि ६५ वर्षांची मर्यादा जाहीर केली. निकलस आणि आर्नोल्ड पामर यांनी नाराजी कळवली आणि ती मर्यादा लागू होण्याआधीच क्लबने मागे घेतली. पुढे २००५ मध्ये ७३ वर्षांचा कॅस्पर पुन्हा उतरला. सोळाव्या छोट्याशा होलवर, जिथे तीन फटके अपेक्षित असतात, तिथे त्याला चौदा लागले. चेंडू पुन्हा पुन्हा पाण्यात जात होते. फेरीअखेर एकूण आकडा १०६ झाला आणि त्याने गुणपत्रिका जमाच केली नाही. ज्याने १९७० मध्ये हीच स्पर्धा जिंकली, त्याच्यावर ही वेळ यावी, हे पाहणाऱ्यालाही जड गेलं असेल.

मैदानही तेच राहत नाही. २००१ मध्ये ऑगस्टाच्या मैदानाची लांबी ७,००० यार्डांच्या आत होती. आता ती ७,५०० यार्डांच्या पुढे आहे. तरुण खेळाडू चेंडू लांब मारू लागले म्हणून आयोजकांनी मैदान वाढवलं. त्यामुळे साठीतल्या खेळाडूला दुहेरी मार बसतो. त्याचा फटका आखूड होत जातो आणि होल लांब. तरीही फ्रेड कपल्सने २०२३ मध्ये ६३व्या वर्षी तिथे कट पार केला. बर्नहार्ड लँगर २०२५ मध्ये ६७व्या वर्षी शेवटची मास्टर्स खेळला आणि त्याचा कट फक्त एका फटक्याने हुकला. एकाच मैदानावर, एकाच नियमाखाली कॅस्परचे चौदा फटके आणि लँगरचा एक फटका. वयाची सरसकट रेषा ओढायची असेल तर ती या दोघांमध्ये नेमकी कुठे ओढणार?

इथेच देवधरांकडे यावं लागतं.

गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो. क्रिकेटमध्ये तो अंगावर येतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात नजरेने टप्पा ओळखायचा, डोक्याने फटका निवडायचा, पायांनी जागा घ्यायची. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं, पापणी लवायच्या आत घ्यायचा निर्णय अंमळ उशिरा होतो. तो उशीर मिलिसेकंदांचा असतो, पण बॅटची कड घ्यायला तेवढा पुरतो. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा नव्हती. अशा खेळात देवधरांनी १९४०-४१ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. महाराष्ट्राने ६७५ धावांचा डोंगर रचला. त्याला मुंबईने ६५०चं उत्तर दिलं. विजय मर्चंट मुंबईकडून खेळत होते, खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकलं. पहिल्या डावातल्या जेमतेम २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे सरकला आणि शेवटी मद्रासला हरवून करंडक राखला. कर्णधाराच्या २४६ मधल्या तीस धावा कमी पडल्या असत्या, तर कदाचित आज महाराष्ट्राच्या नावावर रणजी विजेतेपद एकच राहिलं असतं.

इथेच ते थांबले नाहीत. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, १०५ आणि १४१. वय ५२. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९११ मध्ये, त्यांनी प्रथम श्रेणीतला पहिला सामना खेळला आणि दुसरं महायुद्ध संपल्यानंतरही ते मैदानात होते. जगाच्या क्रिकेटमध्ये ही दोन टोकं गाठणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. एकूण ८१ सामने, ४,५२२ धावा, ९ शतकं.

पण या कारकिर्दीत कसोटी सामन्यांचा रकाना कोरा आहे. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला तेव्हा मुंबईत देवधरांनी त्याच्याविरुद्ध १४८ धावा केल्या. त्याच दौऱ्यात सी. के. नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा ठोकल्या होत्या. हिंदुस्थानी खेळाडू इंग्रजांशी बरोबरीने लढू शकतात, हे त्या दौऱ्याने दाखवलं आणि कसोटीचा दरवाजा उघडला. तो उघडेपर्यंत १९३२ साल उजाडलं आणि देवधर चाळीस वर्षांचे झाले. लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली त्या संघात ते नव्हते. पुढेही त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. चाळिशीत ज्यांची वेळ टळली असं मानलं गेलं, त्यांनी त्यानंतर तब्बल एका तपाने एका सामन्यात दोन शतकं काढली. म्हाताऱ्या खेळाडूंवर जेव्हा जेव्हा वयाची काठी उगारली जाते, तेव्हा तेव्हा हा हिशेब समोर ठेवायला हवा. वय पाहून माणूस वगळला, तर काय हातचं गेलं हे कळायला मार्गच उरत नाही. देवधर रणजी खेळत राहिले म्हणून आपल्याला कळलं तरी.

ज्येष्ठ खेळाडू जागा अडवतो, हा या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा नाही. द ओपनमध्ये १५६ जागा असतात. त्यातली एक जर कट पार करण्याची आशा नसलेल्या माजी विजेत्याने घेतली, तर पात्रता फेरीत एका फटक्याने मागे राहिलेला कुणीतरी तरुण घरी बसतो. मास्टर्समध्ये चित्र वेगळं आहे. तिथे आमंत्रितांची संख्या ठरलेली नसते, साधारण नव्वदीच्या आसपास खेळाडू असतात. त्यामुळे जुना विजेता तिथे कुणाला ढकलून बाहेर काढत नाही. पण जागा जिथे मोजक्या असतात, तिथे एका जागेची किंमत काय असते, हे पुण्याच्या उदयन मानेला विचारावं. २०२१च्या जुलैमध्ये तोक्यो ऑलिंपिकच्या गोल्फसाठी ६० खेळाडूंची यादी तयार होती आणि उदयन त्या यादीत नव्हता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली, एक जागा मोकळी झाली आणि तिशीतला उदयन ऑलिंपिक खेळून आला. एका माणसाच्या ‘नाही’तून दुसऱ्याचं आयुष्यभराचं ‘हो’ निघालं.

मग देवधरांनी कुणाची जागा अडवली होती का? १९३९-४० मध्ये त्यांच्या संघात सांगलीचे विजय हजारे होते, वय २४. त्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या, रणजी स्पर्धेतलं पहिलं त्रिशतक. पुढे हेच हजारे भारताचे कर्णधार झाले. संघात तरुण उमलत होते आणि कर्णधार पन्नाशीला टेकला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या आणि एकीमुळे दुसरी अडली नाही. ज्येष्ठाने स्वतःच्या धावा काढल्या आणि आजूबाजूच्यांच्या धावांनाही जागा दिली, तर तो अडसर राहत नाही. घरच्या बाबतीतही हेच दिसतं. त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ज्या घरात बाप पन्नाशीत बॅट घेऊन सकाळी निघतो, तिथल्या मुलींनी रॅकेट हाती धरली यात नवल ते काय!

नागपूरचे सी. के. नायडू तर आणखी पुढे गेले. होळकर संघाला त्यांनी चार वेळा रणजी करंडक जिंकून दिला. १९४५-४६च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. साठ ओलांडल्यावर, १९५६-५७ मध्ये, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. पन्नाशीत असताना दत्तू फडकरांच्या उसळत्या चेंडूने त्यांचे दात पडले आणि ते बाजूला सारून सीके पुन्हा उभे राहिले, ही आठवण जुने क्रिकेटवेडे अजून सांगतात. त्यांचा शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ मध्ये नागपूरला झाला, महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ. तो मदतनिधीसाठी होता आणि सीके ६८ वर्षांचे होते. या शेवटच्या सामन्यात कुणाची जागा गेली नाही. लोकांना त्यांचा लाडका खेळाडू एकदा पाहायला मिळाला आणि चार पैसे चांगल्या कामाला गेले.

या यादीत बाळू पालवणकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. पुण्याच्या मैदानावर नोकरी करता करता इंग्रज फलंदाजांना गोलंदाजी टाकून तयार झालेला हा डावखुरा फिरकीपटू १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर गेला तेव्हा पस्तिशीत होता आणि त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी चर्मकार समाजात जन्मल्यामुळे हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं गेलं नाही. म्हातारपणापर्यंत मैदानावर मान मिळवत राहण्याची संधीही सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. वयाची चर्चा करताना ही गोष्ट नजरेआड करणं अन्यायाचं ठरेल.

जवळच्या काळात पुण्यानेच या प्रश्नाची उलटी बाजू पाहिली. २०१२ मध्ये आयपीएलच्या पुणे वॉरियर्सचं कर्णधारपद सौरव गांगुलीकडे होतं. चाळिशीला दोन-तीन महिने उरले होते. गहुंजेच्या नव्या स्टेडियमवर पुणेकरांनी त्याच्यासाठी गर्दी केली, पण संघ १६ पैकी चारच सामने जिंकू शकला आणि तळाला राहिला. गांगुलीच्या मोठेपणाविषयी शंका नाही. भारतीय क्रिकेटला त्याने जे दिलं, त्याची परतफेड होऊ शकत नाही. पण त्या मोसमात तो कर्णधार होता तो मुख्यतः नावामुळे, हे मान्य करायला हवं. पाच वर्षांनी रायझिंग पुणे सुपरजायंटने वेगळा मार्ग निवडला. धोनीकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथकडे दिलं, पण धोनीला खेळाडू म्हणून ठेवलं. तेव्हा बरीच ओरड झाली. संघ अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकडून एका धावेने हरला. ज्येष्ठाचं पद आणि ज्येष्ठाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक काढून घेतली तरी दुसरी राहू शकते, हे त्या मोसमाने दाखवलं. बहुतेक वेळा आपण दोन्हींची गाठ मारून ठेवतो आणि मग खेळाडूला बाहेर काढणं म्हणजे अपमान असं वाटू लागतं.

तेंडुलकरचा प्रश्न मराठी माणसाला सर्वांत नाजूक. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला त्याने शेवटचं कसोटी शतक केलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर दोनशेव्या कसोटीत ७४ धावा करून तो थांबला. मधली जवळपास तीन वर्षं कसोटीतलं पुढचं शतक आलं नाही. त्या काळात अजिंक्य रहाणे संघाबरोबर गावोगाव फिरत होता आणि बाहेर बसत होता. सचिनवर जीव टाकणाऱ्यांनाही आज शांतपणे पाहिलं तर पटेल की या तीन वर्षांत निवडसमितीने धावांपेक्षा भावनेकडे जास्त पाहिलं. वानखेडेवरच्या त्या दुपारी डोळे भरून आले नाहीत असं कुणी सांगणार नाही. तरीही तो निरोप एक-दोन मोसम आधी देता आला असता.

विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला सांगितला जातो: ‘का थांबलास?’ असं लोक विचारत असतानाच थांबावं, ‘का थांबत नाहीस?’ विचारू लागण्याआधी. मर्चंट स्वतः तसेच गेले. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध चाळिसाव्या वर्षी १५४ धावा काढल्या आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. सल्ला देखणा आहे, त्यामागचा स्वाभिमान कळतो. पण तो नियम म्हणून घ्यावा का? त्यात निर्णय लोकांच्या कुजबुजीवर सोपवलेला आहे. देवधरांनी हा सल्ला पाळला असता तर ते पंचेचाळिशीच्या आतच थांबले असते, कारण तेव्हाही ‘अजून खेळतात?’ विचारणारे असणारच. मग महाराष्ट्राचे दोन करंडक कुठून आले असते? वॉटसनने पाळला असता तर टर्नबेरीचे ते चार दिवस झालेच नसते.

मग करायचं काय? उत्तर फार गुंतागुंतीचं नाही. ज्या स्पर्धेत जागा मोजक्या आहेत, तिथे प्रत्येकाने एकाच दरवाजातून यावं. वीस वर्षांच्या मुलाला जो निकष, तोच साठीतल्या विजेत्याला. यूएस ओपनचा दहा वर्षांचा नियम या कसोटीला सर्वांत जवळचा. पात्रता मिळवली तर सत्तरीतला माणूसही खेळू दे, त्याला अडवायचा कुणालाही हक्क नाही. पात्रता मिळाली नाही तर पूर्वीचं विजेतेपद तिथे कामाला येऊ नये. निरोपासाठी एक शेवटची स्पर्धा राखून ठेवायला हरकत नाही. निकलसने २००५ मध्ये सेंट अँड्र्यूजला शेवटच्या होलवर बर्डी मारून, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक फटका कमी घेऊन, निरोप घेतला, तसा निरोप खेळाला श्रीमंत करतो. पण ती स्पर्धा एकच असावी आणि आधी जाहीर झालेली असावी.

सन्मानासाठी वेगळी जागा निर्माण करता येते. मास्टर्समध्ये ती आहेच. दरवर्षी स्पर्धेचा पहिला मानाचा फटका जुन्या विजेत्यांच्या हस्ते मारला जातो. निकलस, गॅरी प्लेअर आणि आता वॉटसन सकाळी येतात, एकेक चेंडू मारतात आणि बाजूला होतात. गॅलरीत टाळ्या वाजतात. गोल्फमध्ये पन्नाशीनंतरच्या खेळाडूंसाठी १९८० पासून स्वतंत्र व्यावसायिक दौराही आहे. तिथे लँगरने चाळीसहून अधिक स्पर्धा जिंकल्या आहेत. क्रिकेटमध्ये मात्र आपण खेळाडूपुढे दोनच पर्याय ठेवतो: एक तर मुख्य संघ, नाहीतर समालोचनाची खुर्ची. रणजी स्तरावरच्या ज्येष्ठ खेळाडूंसाठी राज्य संघटनांनी गंभीरपणे स्पर्धा भरवली, तर चाळिशीत थांबावं लागलेल्या कितीतरी खेळाडूंना पाच-सात वर्षं खेळता येईल आणि तरुणांना त्यांच्याकडून मैदानातच शिकता येईल.

पुण्यातच हे सुरू करता येईल. इथे क्लब क्रिकेटची परंपरा जुनी आहे. पूना यंग क्रिकेटर्स म्हणून १९०० मध्ये सुरू झालेली पी. वाय. सी. हिंदू जिमखान्यासारखी संस्था आजही उभी आहे, शहरात मैदानं आहेत, जुने रणजीपटूही आहेत. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने आणि इथल्या जिमखान्यांनी एकत्र येऊन असा मोसम भरवावा. आणि यंदाच्या रणजी संघाची निवड करताना निवडसमितीने मागच्या दोन मोसमांतल्या धावा आणि बळी आधी वाचावेत, जन्मतारखेचा रकाना शेवटी. त्यात एखादा अडतिशीतला खेळाडू आकड्यांवर पहिल्या अकरात बसत असेल, तर त्याचं नाव खोडू नये. बसत नसेल, तर तो कितीही मोठा असला तरी त्याला तसं स्पष्ट सांगावं.